झरोका नऊ ते चौदा

भुयाराच्या मुखाशी मेस्किते झाडाच्या लाकडाची एक जाड फळी आडवी बसवलेली होती, आणि तिला खालून वर, एकावर एक, तीन गोल भोके होती. प्रत्येक भोक एका पुष्ट नारंगीएवढे. सान अनास्तासियो गावात पाणी नारंग्यांनीच मोजण्याची रीत होती, आणि ती इतकी जुनी की ती कोणी घातली हे विचारण्याचे कोणाच्या मनात येत नसे. ओदिलोनच्या आजोबांच्या काळी तिन्ही भोके काठोकाठ भरून वाहत. वडिलांच्या काळी अडीच. त्या वर्षी एप्रिलात, भुयाराची साफसफाई पुरी होऊन आठ दिवस लोटले असताना, ओदिलोन सकाळी फळीसमोर उकिडवा बसला, तेव्हा पहिल्याच भोकाची वरची कड कोरडी होती.

त्याने बोट लावून पाहिले. कोरडीच.

साफसफाईनंतर पाणी वाढते. हा त्याच्या त्रेचाळीस वर्षांच्या सेवेतला एकमेव निरपवाद अनुभव होता. याही खेपेला पहिले दोन दिवस ते वाढले होते. मग जे उतरू लागले ते थांबेचना. इकडे जानेवारीच्या सभेत पाणी-मंडळाने ठराव केला होता: तीन मेला, पवित्र क्रूसाच्या सणादिवशी, माप घ्यायचे; एक नारंगी पूर्ण भरली नाही तर भुयार बंद करायचे, सारे झरोके बुजवायचे आणि शेजारगावच्या खोल कूपनलिकेत सामील व्हायचे. सणाला बारा दिवस उरले होते.

ओदिलोन उठला, आजूबाजूला कोणी नाही हे पाहिले, आणि ओल्या बोटाने ती कोरडी कड भिजवून ठेवली. मग त्याला स्वतःचीच लाज वाटली.

*

तेहुआकानच्या खोऱ्यात पाऊस नाममात्र. पाणी आहे ते डोंगराच्या पोटात. त्याला बाहेर आणण्यासाठी पूर्वजांनी डोंगराच्या पायथ्यापासून शेतांच्या माथ्यापर्यंत, अत्यल्प उतार राखून, माणूस वाकून चालेल एवढी भुयारे खोदली; आणि हवा-उजेड मिळावा, माती वर काढता यावी म्हणून वीस-वीस पावलांवर जमिनीतून सरळ खाली उतरणारे कूप पाडले. लोक त्यांना झरोके म्हणत. ओदिलोन ज्याची सेवा करी त्या सांता मोनिका भुयाराला बावीस झरोके होते. पहिला डोंगराकडे, बाविसावा मुखाजवळ.

या पाण्याचा स्वभाव निराळा. ते चुनखडीच्या डोंगरातून येते, आणि पाषाणगर्भात कोंडलेला वायू अंगी भिनवून घेत येते. त्या वायूच्या बळावर ते वाटेतला दगड विरघळवते आणि स्वच्छ, निरागस दिसत खाली उतरते. भुयाराच्या मोकळ्या हवेत आले की तो वायू निसटून जातो, आणि पाण्याला आपले ओझे पेलवत नाही. विरघळलेला दगड पुन्हा दगड होतो. भिंतीवर, तळावर, खड्यांमधल्या सूक्ष्म रंध्रांत त्याचे पुट चढते. आज धुक्यासारखे, दहा वर्षांनी बोटभर जाड. ज्या रंध्रांतून पाणी आले तीच रंध्रे ते आपल्या हाताने मिटून घेते. म्हणून भुयाराला सेवेकरी लागतो. उपासाच्या चाळीस दिवसांत त्याने आत उतरायचे आणि छिन्नी-हातोडीने ते पुट, ज्याला गावात खपली म्हणत, खरवडून काढायचे, की मागची भूमी पुन्हा श्वास घेऊ लागेल.

ओदिलोन सतराव्या वर्षी वडिलांच्या मागोमाग उतरला होता. आता एकसष्टावे चालू होते. तो भुयारात अनवाणी जाई, आणि आत गेल्यावर आवाज खाली आणी, देवळात आणावा तसा. डाव्या हाताची करंगळी त्याने बाराव्या झरोक्याखाली गमावली होती, त्याबद्दल विचारले तर म्हणे, “दिली तिला.” पाण्याला तो ‘ती’ म्हणत असे. गावात त्याला कोणी फारसे बोलताना ऐकले नव्हते, पण कोणत्या झरोक्याखाली कोणत्या महिन्यात पाणी कुठवर येते हे विचारायचे तर त्यालाच.

त्याच्यासोबत तीस वर्षे तावरिनो उतरत असे. तो मात्र अखंड बोले.

“पाऊस कमी झाला असंल,” तावरिनो त्या सकाळी म्हणाला. “सगळ्यांचंच पाणी उतरलंय. तूच कशाला तोंड पाडून बसलायस?”

“पहिल्या दोन दिवसांत वाढलं होतं ना?”

“वाढलं होतं.”

“मग पाऊस त्या दोन दिवसांत पडला काय?”

तावरिनोने डोके खाजवले. “तुझ्याशी बोलण्यापेक्षा माझं गाढव बरं. ते निदान मान तरी हलवतं.”

“चल. काठी घे.”

ती काठी ओदिलोनच्या वडिलांची, बोटाबोटावर खुणा केलेली. भुयाराचा तळ सर्वत्र एकाच रुंदीचा असल्याने, झरोक्यागणिक काठी उभी धरली की पाणी कुठे वाढते आणि कुठे घटते ते कळे. दोघे पहिल्या झरोक्यातून दोरावर उतरले आणि प्रवाहाबरोबर खाली निघाले. पहिला, चौथा, सहावा: काठी भिजत जात होती, पाणी वाढत होते. नवव्याखाली पाणी सातव्या खुणेवर आले. येथवर सगळे यथास्थित होते.

अकराव्याखाली पाणी पाचव्या खुणेवर होते.

चौदाव्याखाली तिसऱ्या.

पुढे मुखापर्यंत तिसरीच राहिली.

“काठी उलटी धरली नाहीस ना?” तावरिनोने विचारले, पण त्याच्या आवाजात थट्टा उरली नव्हती.

ओदिलोनने काठी भिंतीला टेकवली. तो परत अकराव्यापाशी गेला, गुडघ्यांवर बसला आणि पाण्याखालचा तळ तळहाताने चाचपू लागला. हाताला सुटी वाळू लागली, गोटे लागले. त्यानेच, याच हातांनी, पंधरवड्यापूर्वी तेथली खपली उपटून काढून तळ लख्ख केला होता, कारण चौदाव्या झरोक्याखाली भिंतीत वडिलांनी कोरलेली खूण होती: त्या खुणेच्या वर सारे खरवडायचे, तळसुद्धा; खुणेच्या खाली तळाला छिन्नी लावायची नाही. वरचा भाग देणारा, खालचा नेणारा.

मग त्याने हाताची पालथी बाजू भिंतीला लावली. देणारी भिंत थंड असते, आणि तिच्यावर घामासारखे बारीक थेंब असतात. ही भिंत कोमट होती, आणि कोरडी.

त्याने दहावा पाहिला, बारावा पाहिला, तेरावा पाहिला. कोमट. कोरडी.

डोंगराच्या पोटातली जलपातळी या वर्षांत खोल गेली होती. वडिलांनी खूण कोरली तेव्हा चौदापर्यंतची भूमी पाणी देत होती. आता ती नऊपाशीच आटत होती. नऊ ते चौदा हा भाग कधीचा देणारा राहिला नव्हता, नुसता नेणारा झाला होता. आणि त्याच्या तळावरची खपली हीच त्याची ओंजळ होती. वरच्या भागात जे पुट पाण्याची वाट अडवी, तेच येथे पाण्याला धरून ठेवी. मागल्या वर्षांत ओदिलोन या भागात कंटाळून वरवर खरवडत असे. म्हणून पाणी टिकले होते. या वर्षी, शेवटचे वर्ष ठरू नये या धास्तीने, त्याने जीव ओतून काम केले होते.

“मी तिच्या बुडाला भोक पाडलं,” तो म्हणाला.

“हळू बोल,” तावरिनो कुजबुजला, जणू वर कोणी झरोक्याला कान लावून बसले होते. “हे बघ, कोणाला कळणार नाही. पाऊस म्हणायचं, दुष्काळ म्हणायचं. खाली कोण येतंय बघायला?”

ओदिलोन तसाच पाण्यात बसून राहिला. पाणी त्याच्या पोटऱ्यांवरून जात होते, आणि त्यातले निम्मे कुठे जात होते ते त्याला आता ठाऊक होते.

*

दोन दिवस तो नीट जेवला नाही. खपली आपोआप पुन्हा धरेल, पण बोटभर व्हायला दहा वर्षे; सणाला दहा दिवस. चिखल लिंपावा तर प्रवाह तो धुऊन नेणार. सिमेंट आत टिकत नाही, ओल्यावर उकलते, हे त्याने सतराव्या झरोक्याखाली एकदा पाहिले होते. रात्री तो कुशी बदले आणि पहाटे फळीकडे जाई. कोरडी कड रोज एक केसभर रुंदावत होती.

तिसऱ्या सकाळी त्याची बायको हर्मिला अंगणात चुन्याची बादली आपटत होती. मका शिजवायला रोज चुना लागे. ती बादलीत चुना आणि भुयाराचे पाणी कालवून ठेवी. आता बादली पालथी घालून ती तिच्या बुडावर वरवंट्याने ठोकत होती.

“उठा, जरा जोर लावा,” ती म्हणाली. “तुमच्या त्या बाईनं माझी बादली खाल्ली.”

“काय झालं?”

“काय व्हायचंय? दगड धरलाय. सहा महिन्यांत बादली अर्धी. पावसाच्या पाण्यानं कालवते तेव्हा नाही असं होत. तुमच्या भुयाराच्या पाण्यात चुना पडला की संध्याकाळपर्यंत बुडाशी पांढरं बसलंच. सासूबाई पण हेच बोंबलायच्या.”

बादलीच्या बुडातून बशीएवढा पांढरा तुकडा सुटून धुळीत पडला. ओदिलोनने तो उचलला, उन्हात धरला, दातांखाली धरून पाहिला.

“अहो, खाताय काय! घेवड्याकडे बघितलं नाही दोन दिवस, आणि दगड खाताय?”

“किती दिवसांत धरतं हे?”

“सांगितलं ना. सहा महिने.”

“एवढं जाड नव्हे. पहिलं पुट.”

हर्मिलाने कपाळाला आठ्या घातल्या. “पहिलं? ते तर त्याच दिवशी. बोट फिरवलं तर खरखरीत लागतं.”

निसर्ग जे काम वर्षानुवर्षांच्या संथ नि:श्वासाने करी, ते चुन्याच्या स्पर्शाने एका दिवसात घडत होते. पाण्यातला उरलेला वायू चुना हिसकावून घेई, आणि पाणी आपल्या उदरातला दगड तत्क्षणी टाकून देई. ओदिलोनला यातले शास्त्र माहीत नव्हते. त्याला एवढेच कळले की नवव्या ते चौदाव्या झरोक्याच्या वाळूत चुना मुरवला, तर पाणी स्वतःच त्या वाळूचा दगड करील.

पण चुन्याचे पाणी मुखातून शेतात गेले तर मिरचीची रोपे जळतील. चार दिवस साऱ्या गावाच्या पाळ्या बंद ठेवाव्या लागतील, एप्रिलच्या उन्हात, मका तुऱ्यावर असताना. तो हुकूम एकच व्यक्ती देऊ शकत होती, आणि तिने कारण विचारलेच असते.

*

एदुविहेस ही पाणी-मंडळाची अध्यक्ष. ओदिलोनच्या मुलीची ती धर्ममाता. म्हणून तो तिला कोमाद्रे म्हणे आणि ती त्याला कोंपाद्रे. तो गेला तेव्हा ती दारात बोरूच्या कामट्यांची टोपली विणत होती. तिने मान वर न करता बसायला खुणावले.

“बोला कोंपाद्रे. तुम्ही दारात आलात म्हणजे एक तर कोणी मेलंय, नाहीतर मरायला टेकलंय.”

“चार दिवस पाळ्या बंद करायला हव्यात.”

तिचे हात थांबले. “डोकं ठिकाणावर आहे? तुऱ्यावर मका आहे. लोक मला या बोरूनं फोडतील.”

“मग सणाला एक नारंगी भरणार नाही.”

“तशीही भरत नाहीये. मी रोज बघते. तुम्ही कडेला बोट फिरवता तेही बघितलंय.”

ओदिलोनचा चेहरा तापला. बोलायचे ते त्याने मनात तीन वेळा जुळवले होते. आता एकही वाक्य सापडेना. शेवटी त्याने सरळ सांगून टाकले: कोमट भिंत, चौदाव्याची खूण, उपटलेला तळ. “पाऊस नाही. मीच केलं.”

तिने टोपली बाजूला ठेवली. एक कोंबडी टोपलीत शिरून बाहेर आली.

“तुम्ही हे मला का सांगितलं? गप्प बसला असतात तर लोकांनी ढगांना शिव्या दिल्या असत्या.”

“ढगांना शिव्या देऊन तळ बुजत नाही.”

“आणि चुन्यानं बुजेल?”

“माहीत नाही.”

“माहीत नाही!” ती आकाशाकडे पाहून हसली, पण हसण्यात गंमत नव्हती. “अहो, चार दिवस पाणी तोडायचं आणि वर ‘माहीत नाही’? जरा खोटं तरी बोला, मला धीर येईल.”

“बादलीत होतं. भुयारात कोणी केलेलं नाही.”

तिने कामटी दाताने तोडली. “पाळ्या मी बंद करते. पण कारण मी सांगणार नाही. आज संध्याकाळी सभा बोलावते, तिथे तुम्ही सांगायचं. तुमच्या तोंडानं.”

सांगितले त्याने. सत्तेचाळीस माणसांसमोर, टोपी हातात चुरगळत. मागून कोणीतरी ओरडले, “आयुष्यभर आमचं पाणी खरवडलंस का रे?” एक म्हातारी म्हणाली, याचा बाप असता तर असे झाले नसते. बापाच्या खुणेमुळेच झाले हे ओदिलोन बोलला नाही. मतदान झाले, चार दिवस मिळाले, सव्वीस हातांनी.

*

तावरिनो आणि मंडळाचे चार गडी घेऊन तो नवव्या झरोक्यातून उतरला. प्रवाह थांबवता येत नव्हता, म्हणून त्यांनी तळाच्या मधोमध चौदाव्यापर्यंत चिखलाचा लांबच लांब वरंबा घातला. पाणी एका बाजूने वाहू दिले आणि दुसऱ्या, उघड्या बाजूच्या वाळूत चुन्याचे दूध ओतले. बादलीमागून बादली. पामच्या झाडूने ते खड्यांमध्ये घोळवायचे, मग वरंब्याला एक बारीक खाच पाडून थोडेसे पाणी आत सोडायचे, आणि थांबायचे. पाणी चुन्याला भेटले की दुधाळ होई, घट्ट होई, आणि वाळूत मुरताना सावकाश अडे.

चुन्याने त्यांच्या पायांची कातडी सोलवटली. दोघांचे डोळे सुजले. “घोरपडीसारखा दिसतोस,” तावरिनो म्हणाला.

“तू दिसतोसच, त्यासाठी चुना लागत नाही,” ओदिलोन म्हणाला, आणि चारी गडी चकित होऊन त्याच्याकडे पाहू लागले. ज्याला ते ताता, म्हणजे बाबा, म्हणत त्या ओदिलोनने केलेली थट्टा त्यांनी प्रथमच ऐकली होती. त्याला स्वतःला मात्र हसू येत नव्हते. प्रत्येक थांबण्यात तो वाळूला कान लावी. पाणी झिरपताना किंचित सुसकारा होतो. तो सुसकारा आता आहे की नाही, की आपल्याच कानात रक्त वाजते आहे, हे त्याला ठरवता येत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी त्यांनी वरंब्याचे वरचे तोंड मोडून प्रवाह चुन्याच्या बाजूला वळवला, म्हणजे राहिलेल्या बाजूलाही तसाच चुना मुरवता यावा. बाराव्याखाली तीन हात लांबीचा पांढरा पापुद्रा उचलला गेला आणि वाहून गेला. ओदिलोनने तेथे पुन्हा चुना मुरवला, वरून सपाट दगड ठेवले, आणि रात्रभर पाण्याला वेळ देऊन चौघांना घरी धाडले.

चौथ्या दिवशी मुखातून पांढरे पाणी ओढ्यात जाणे थांबले. पाणी निवळले. शेतांच्या बांधांवर माणसे उभी होती; मक्याची पाने गुंडाळून दोऱ्यासारखी झाली होती. एदुविहेसने पाळ्या सुरू केल्या आणि कोणाशीही न बोलता घरी गेली.

ओदिलोन काठी घेऊन उतरला. नवव्याखाली सात. अकराव्याखाली सात. चौदाव्याखाली सहा. त्याने चौदाव्याखाली पाच वेळा माप घेतले. सहा.

*

तीन मेला झरोक्या-झरोक्यावर क्रूस उभे केले होते, त्यांवर कागदी फुले आणि पिवळ्या झेंडूच्या माळा. धर्मगुरूने मुखाशी प्रार्थना म्हटली. एदुविहेस फळीसमोर वाकली. पहिले भोक काठोकाठ भरून वाहत होते. दुसऱ्याच्या तळातून दोन बोटे पाणी झिरपत होते.

“एक नारंगी,” ती म्हणाली, “आणि वर दोन बोटं.”

कोणीतरी टाळ्या वाजवल्या. ओदिलोनने वाजवल्या नाहीत. तो लोकांच्या चेहऱ्यांकडे पाहत होता. मागच्या सभेत ओरडलेला तो माणूस पुढे आला. त्याचे मक्याचे अर्धे शेत तुऱ्यावरच करपले होते.

“एक विचारू, ताता? दोन-तीन वर्षं चांगला पाऊस झाला, डोंगरातलं पाणी परत वर आलं, तर तो नऊ ते चौदाचा भाग परत देईल का?”

तावरिनोने ओदिलोनचा सदरा मागून ओढला. ओदिलोनला ती ओढ कळली. ‘पाहू’ एवढे म्हटले असते तरी चालले असते. सणाचा दिवस होता.

“तळातून नाही,” तो म्हणाला. “वाळूत हातभर खोल दगड झालाय. भिंती देतील तेवढ्या देतील. तळ मी बंद केला.”

कुजबुज उठली. भुयार उघडे ठेवायचे की नाही, यावर पुन्हा मत घ्यावे असे कोणी म्हणाले. एदुविहेसने हात वर केला. “ठराव एक नारंगीचा होता. एक भरली. पुढल्या क्रूसापर्यंत भुयार चालू. पुढल्या वर्षी पुन्हा मोजू.” मग ओदिलोनकडे वळून, इतरांना ऐकू येणार नाही अशा स्वरात: “कोंपाद्रे, एकदा तरी खोटं बोलला असतात तर मला झोप लागली असती.”

घरी हर्मिलाने घेवड्याचे तामाल, मक्याच्या पानांत गुंडाळून वाफवलेले, वाढले. त्याने एक खाल्ला, दुसरा हातात धरून बसला.

“भरली ना नारंगी? मग?”

“भरली.”

“मग खा की.”

“चौदाव्याला सहा आहे. नवव्याला सात. एक कुठे जाते?”

“जाऊ द्या एक! सणाचा दिवस आहे.”

त्याने तामाल संपवला, कारण ती पाहत होती. मग उठून टोपी घातली आणि, भिंतीला टेकवलेली काठी हातात घेत, उजेड आहे तोवर एकदा बाराव्याखाली जाऊन येतो, म्हणाला.